बंदुकीचं मेण

गोळी नळीत अर्ध्यावर अडकली ती आनंदरावांच्या ग्रीसमुळे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच त्याविषयी कुणी बोलत नव्हतं.

आनंदराव शेलारांनी रेल्वेत डब्यांच्या चाकांना वंगण घालण्यात चौतीस वर्षं काढली होती. त्यातली शेवटची अकरा, दुसऱ्यांकडून घालून घेण्यात. दाराची कडी असो की नातेवाइकांतला अबोला, जगातला कुठलाही प्रश्न वंगण कमी पडल्यामुळे उभा राहतो असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे धाकट्या भावाच्या, अरुणच्या, ठासणीच्या बंदुकीला काय लावायचं हा त्यांच्या लेखी प्रश्नच नव्हता. मागच्या रविवारी टोंक रोडवरच्या ठाकूरसाहेबांच्या शेतावर सरावाला जाताना त्यांनी डबाभर ग्रीस बरोबर घेतलं. गोळीखाली ठेवायच्या कापडी चकत्यांना ते सढळ हातानं फासलं. पहिली गोळी उडाली. दुसरी उडाली. तिसरी ठासताना जोर लावून त्यांच्या मुलाचे, नीरजचे, दात दिसले. चौथी नळीत हातभर खाली जाऊन जी बसली ती बसलीच. वर येईना, खाली जाईना.

ठाकूरसाहेबांचा बंदुका सांभाळणारा माणूस फतेहसिंह धावत आला. त्यानं आधी सगळ्यांना लांब केलं, मग नळीत पाणी ओतलं, ठासायच्या गजाच्या टोकाला पेच लावून तो गोळीत फिरवला आणि बुचासारखी ती बाहेर ओढली. काळ्या दारूचा जळका गाळ आणि खनिज तेल एकत्र आलं की नळीत डांबर तयार होतं, हे त्यानं आनंदरावांना अतिशय आदरानं समजावलं. गोळी दारूवर नीट टेकली नाही, मधे पोकळी राहिली आणि कुणी घोडा ओढला, तर नळी फुटते. चालवणाऱ्याचं काय होतं ते त्यानं सांगितलं नाही. फक्त नीरजकडे पाहिलं.

हे झालं मागच्या रविवारी. आता येत्या रविवारी त्याच शेतावर जुन्या बंदुकांचा वार्षिक मेळावा होता. सुभेदार अरुण शेलार लष्करातून निवृत्त होऊन जयपुरातच राहिले आणि गेल्या वर्षी गेले. त्यांची मेळाव्यातली जागा ठाकूरसाहेबांनी अजून कुणाला दिली नव्हती. पाचांपैकी तीन गोळ्या नेमाच्या पाटीवर लागल्या तर जागा शेलारांकडेच राहणार होती. नाही लागल्या तर, हे आनंदरावांनी दिवाळीतच जाहीर केलं होतं, बंदूक सोमवारी ठाण्यात जमा. घरात जी चालवणारं कुणी नाही ती वस्तू घरात ठेवायची कशाला?

कलावतीबाई तेव्हा करंज्या तळत होत्या. बंदूक त्यांच्या नवऱ्याची, परवाना आता त्यांच्या नावावर, आणि निर्णय थोरल्या दिरांचा. अशी ती वाटणी होती. कलावतीबाईंच्या स्वतःच्या नावावर त्या घरात दोनच गोष्टी होत्या: रेशनकार्डातली शेवटची ओळ आणि ही बंदूक. परवाना नावावर व्हावा म्हणून त्यांनी कचेरीत सात खेपा घातल्या होत्या, त्यातल्या पहिल्या सहा घरी न सांगता. मूलबाळ नव्हतं. अठरा वर्षं दर रविवारी सकाळी गज नळीत उतरल्याचा खसखस आवाज स्वयंपाकघरात ऐकू यायचा, आणि त्या चहा टाकायच्या. बंदूक ठाण्यात गेली की ते रविवार खरोखर होते याला साक्षीदार कोण?

आणखी एक गोष्ट होती, ती त्या कुणाला सांगत नसत. नवरा गेल्याचं दुःख चाललेलं असताना मधेच एक प्रश्न डोकं वर काढायचा, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटायची. हे त्या चकत्यांना लावायचे तरी काय? चकत्या कलावतीबाईच कापायच्या, जुन्या सुती चादरीच्या, रुपयाहून थोड्या मोठ्या. पण लावायचा लेप सुभेदार स्वतः करायचे. गच्चीवर स्टो न्यायचे, दाराला आतून कडी घालायचे, आणि तासाभरानं बूट पॉलिशच्या जुन्या डबीत काहीतरी भरून खाली यायचे. विचारलं की म्हणायचे, रेजिमेंटचं गुपित आहे.

गुरुवारी सकाळी मानसरोवर कॉलनीतल्या त्याच गच्चीवर सगळे उन्हाला बसले. संक्रांत दोन दिवसांवर होती, आभाळात पतंगांची गर्दी होती. नीरजची सीतापुऱ्यातल्या कारखान्यात त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, त्यामुळे तो दुपारपर्यंत घरी होता. त्यानं कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतून चार पानं छापून आणली होती. अमेरिकेत ठासणीच्या बंदुकांचे शौकीन घरी लेप कसा करतात, याची ती माहिती होती.

पहिली कृती अस्वलाच्या चरबीची निघाली. मानसरोवरच्या कुठल्या सेक्टरात अस्वल मिळेल याचा विचार करण्यात दोन मिनिटं गेली. दुसरी कृती देवमाशाच्या तेलाची होती. जयपूरला समुद्र नाही, ही उणीव त्या घराला प्रथमच इतकी जाणवली. तिसरी मेंढ्याच्या चरबीची. ही मिळण्यासारखी होती, पण इंदुबाई, म्हणजे आनंदरावांची बायको, नुसत्या म्हणाल्या, “आज गुरुवार आहे.” त्यामुळे मेंढ्यावरची चर्चा शुक्रवारपर्यंत तहकूब झाली.

नीरजची बायको रूपाली जयपुरातच जन्मलेली. तिचं मराठी सासरी येऊन सुधारलं होतं, पण घाईत हिंदीकडे पळायचं. तिनं सुचवलं, “काकू, मतलब, बटर लावलं तर? पाकिटातलं?”

त्यात मीठ असतं आणि मिठानं नळी गंजते, असं दुसऱ्या पानावर लिहिलेलं होतं. मग साजूक तूप, असं इंदुबाई म्हणाल्या. तेव्हा इतका वेळ पतंग पाहत असलेले आनंदराव वळले. डॉक्टरांनी त्यांचं तूप तोडल्याला पाच महिने झाले होते.

“बंदुकीला तूप,” ते म्हणाले, “आणि मला कोरडी पोळी.”

तुपाचा ठराव बारगळला.

नीरजनं चारही पानं पुन्हा चाळली. प्रत्येक कृतीत चरबी वेगळी होती, तेल वेगळं होतं, पण एक गोष्ट सगळीकडे होती. मधमाश्यांचं मेण.

“मेण कशाला?” कलावतीबाईंनी विचारलं. त्या कोपऱ्यात बसून चकत्या कापत होत्या आणि आतापर्यंत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

“नुसतं तेल कापडात थांबत नाही ना काकू. दारूत झिरपतं, दारू भिजते. मेण तेलाला धरून ठेवतं. पण मेण जास्त झालं की लेप दगड होतो.”

“मग थंडीत तेल जास्त घालायचं,” कलावतीबाई म्हणाल्या. “आणि उन्हाळ्यात मेण.”

नीरजनं तिसरं पान वर काढलं. त्यावर तेच लिहिलं होतं. त्यानं काकूकडे पाहिलं, मग पानाकडे, मग पुन्हा काकूकडे.

“तू हे कुठं वाचलंस?”

“वाचलं नाही. करायचे मी.”

इंदुबाईंचा हात कपाळाकडे गेला. कलावतीबाई काय करायच्या हे नव्यानं आलेली रूपाली सोडून सगळ्यांना माहीत होतं. त्या कुंकवाचं मेण करायच्या. टिकल्या येण्याआधी बायका कपाळावर मेणाचं बोट टेकवत आणि त्यावर कोरडं पिंजर लावत. मेणामुळे ते दिवसभर हलत नसे. इंदुबाईंनी ही रीत सोडली नव्हती. दोघी जावांपुरतं मेण कलावतीबाई घरी करायच्या आणि ते देवघराजवळच्या पितळी डबीत असायचं. अरुण गेल्यावर तेराव्या दिवशी कुणीतरी आत्याबाईंनी डबी उचलून माळ्यावर ठेवली. पुन्हा मेण करू नकोस असं कलावतीबाईंना कुणी म्हटलं नाही. कर असंही कुणी म्हटलं नाही. इंदुबाईंनी मागितलं नाही. त्या बाजारची टिकली लावू लागल्या. तिच्या डिंकानं त्यांच्या कपाळावर असा गोल लाल चट्टा उठला होता की लांबून तो कुंकवासारखाच दिसायचा. त्यामुळे वर्षभर सगळं ठीक चाललं होतं.

आनंदराव म्हणाले की हे काही बरं दिसत नाही. कुंकवाच्या मेणावर बंदूक चालवली तर ठाकूरसाहेबांना काय सांगायचं? रजपूत मंडळी आहेत ती. आणि शिवाय कलावतीनं आता.

वाक्य तिथंच थांबलं.

“आता काय?” इंदुबाईंनी विचारलं. “बोला की पुढं.”

आनंदरावांना एका पतंगात अचानक फार रस वाटू लागला.

“कला, तू कर मेण,” इंदुबाई म्हणाल्या. “बंदुकीला लावून उरलं तर मला दे. आणि नाही उरलं तरी दे.”

एकोणचाळीस वर्षांच्या संसारात इंदुबाईंनी नवऱ्याविरुद्ध उघडपणे मत दिल्याची ही दुसरी वेळ होती. पहिली पंख्याच्या वेगावरून होती.

रूपाली सेक्टरातल्या दुकानातून पांढरं मेण घेऊन आली. कलावतीबाईंनी त्याचा तुकडा बोटांत चुरला आणि परत दिला. हे मेणबत्तीचं, म्हणाल्या, यात माशी बसलेली नाही. मेणबत्तीचं मेणही खनिज तेलातूनच निघतं, असं नीरजनं सांगितल्यावर सगळ्यांनी आनंदरावांकडे न पाहण्याचा प्रयत्न केला. रूपाली पुन्हा स्कूटी काढून चारदीवारीत, म्हणजे जुन्या शहरात, गेली आणि काष्ठौषधी विकणाऱ्या एका जुन्या पंसाऱ्याकडून गुळाच्या रंगाची ढेप घेऊन आली. ती हातात घेताच मधाचा वास आला. कलावतीबाईंनी तिचा चुरा तळहातावर मळला, तो मऊ झाला आणि बोटाला लागला, पण तुटला नाही. त्यांनी मान हलवली.

पुढचा अर्धा तास स्वयंपाकघरात त्याच एकट्या बोलत होत्या, बाकीचे ऐकत होते. असं पूर्वी झालं नव्हतं. मेण थेट आचेवर ठेवायचं नाही, पेटतं. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून वितळवायचं. एक वाटी मेणाला तीन वाट्या तेल, कारण पहाटे हात आखडतील इतकी थंडी आहे. खोबरेल घ्यायचं नाही, ते बाटलीतच थिजलंय बघ. तिळाचं घ्यायचं. आणि शेवटी त्यांनी डब्यातून कापराच्या दोन वड्या काढून चुरून टाकल्या.

“काकू, हे का?” रूपालीनं विचारलं. “पानावर तर नाही लिहिलं.”

“खवट होत नाही मग. माझ्या आईची रीत. दुसरं कुणी घालत नाही.”

नीरज वरच्या ट्रंकेतून सुभेदारांची पॉलिशची डबी घेऊन आला. रिकामीच होती, तिच्यातच नवा लेप भरावा असं त्याला वाटलं. कलावतीबाईंनी पुसायला म्हणून झाकण उघडलं आणि हात तसाच राहिला. त्यांनी डबी नाकाजवळ नेली. मग पातेल्यातल्या वाटीवर वाकून वास घेतला. मग पुन्हा डबीचा.

“जाऊबाई,” त्या म्हणाल्या, “हे जरा हुंगा.”

इंदुबाईंनी हुंगलं. तीळ, मध आणि कापूर.

“अगं, हे आपलं मेण,” त्या म्हणाल्या.

रेजिमेंटच्या गुपिताचा असा उलगडा झाला. डबीत अस्वल नव्हतं, देवमासा नव्हता, मेंढाही नव्हता. सुभेदार अठरा वर्षं देवघराजवळच्या पितळी डबीतून मेण चोरत होते.

कलावतीबाई ओट्याला टेकल्या. दोन महिन्यांचं म्हणून केलेलं मेण पंधरा दिवसांत संपायचं. त्या मनात म्हणायच्या, जाऊबाईंचं कपाळ आहे की पाटा. हे त्यांनी आता, मेण ढवळता ढवळता, जाऊबाईंना सांगितलं.

“आणि मला वाटायचं,” इंदुबाई म्हणाल्या, “तू मला मुद्दाम कमी करतेस. आत्याबाईंच्या सुमनच्या लग्नात मी तुझ्याशेजारी बसले नव्हते, आठवतं? ते मेणावरून.”

“मला वाटलं साडीवरून.”

“साडीचं निमित्त.”

मग इंदुबाईंना पहिल्यांदा हसू आलं, ते त्यांनी पदरात दाबलं, पण पदर हलायला लागला, आणि मग कलावतीबाईंचाही बांध फुटला. रूपालीला वाटलं रडताहेत, ती पाणी आणायला धावली. ती पेला घेऊन आली तेव्हा इंदुबाई डोळे पुसत विचारत होत्या, “मग ते गच्चीचं दार लावून तासभर काय करायचे गं?”

“पेपर वाचत असतील,” कलावतीबाई म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, वाटीकडे पाहत, “मागितलं असतं तर परातभर करून दिलं असतं मी.”

हसू थांबलं होतं, पण घरात वर्षभर जी एक ताठर शांतता होती ती परत आली नाही. मेण कोमट झाल्यावर कलावतीबाईंनी बोटावर थोडं घेतलं आणि इंदुबाईंच्या कपाळावर, चट्ट्याच्या बरोबर वर, टेकवलं. मग त्या चकत्या बुडवायला बसल्या.

आनंदराव दारात उभे होते. त्यांनी नीरजला सांगितलं की नेम तूच धरायचा, काकूला फक्त परवाना घेऊन शेजारी उभं राहू दे. आणि तीन लागल्या नाहीत तर सोमवारचं लक्षात ठेवा.

रविवारी पहाटे मोहरीच्या शेतावर धुकं होतं. कलावतीबाईंनी लेपाची डबी कनवटीला खोचली होती, अंगाची ऊब लागून मऊ राहावी म्हणून. रांगेत नाव पुकारलं गेलं तसा नीरज बंदूक घेऊन पुढे झाला. फतेहसिंहनं परवाना मागितला, वाचला, आणि बंदुकीवर हळूच हात ठेवला.

“यहाँ तो कलावती अरुण शेलार लिखा है,” तो म्हणाला. “जिसका लाइसन्स, उसी का निशाना. ठाकूरसाहब का कायदा है, साब.”

आनंदरावांनी आपल्या परीनं बाजू मांडली. मुलगा तरुण आहे, बाई वयस्क आहेत, आणि रेल्वेत अशा वेळी बदली माणूस चालतो. फतेहसिंहनं सगळं ऐकून घेतलं आणि हात काढला नाही. हा नियम कलावतीबाईंना अठरा वर्षं ठाऊक होता. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितला नव्हता.

“दे इकडं,” त्या नीरजला म्हणाल्या.

“काकू, तू कधी चालवलीयेस?”

“ठासणीची नाही. युनिटच्या मेळाव्यात बायकांची नेमबाजी असायची. घरात ते दोन थर्मास आहेत ना, ते कुठून आले वाटलं तुम्हाला?”

त्यांनी पदर खोचला. मोजून दारू ओतली. नळीच्या तोंडावर लेप लावलेली चकती ठेवली, तिच्यावर शिशाची गोळी, आणि अंगठ्यानं आत दाबून गज लावला. खसखस. इतकी वर्षं जो आवाज भिंतीपलीकडून ऐकला तो आता हाताला लागत होता. गजावर सुभेदारांनी लाल दोरा बांधलेला होता. दोरा नळीच्या तोंडाशी आला की गोळी दारूवर टेकली. दोरा बरोबर तोंडाशी आला. कलावतीबाई क्षणभर गज धरून तशाच राहिल्या. असं होतं तर हे.

मग बंदुकीला ठिणगीची टोपी बसवली, बंदूक वाळूच्या पोत्यावर टेकवली आणि घोडा ओढला. पहिली गोळी पाटीच्या खाली मातीत गेली. आनंदराव खोकले. दुसरी पाटीच्या कडेला लागली. तिसरी कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही, पण लांबच्या झाडावरून दोन मोर उडाले. चौथी पाटीच्या मधोमध लागली. शेजारच्या रांगेतले दोन रजपूत म्हातारे एव्हाना दर गोळीनंतर नळ्या पुसत होते, कुरकुरत होते. कलावतीबाईंनी पाचवी ठासली तेव्हा गज पहिल्यासारखाच सहज उतरला. दोरा तोंडाशी.

आता हिच्यावर सगळं होतं. इंदुबाईंनी डोळे मिटून घेतले. रूपालीनं नीरजचा हात धरला. कलावतीबाईंनी चौथी कशी लागली होती ते आठवलं: खांदा सैल होता आणि त्या नेमाचा नव्हे, श्वासाचा विचार करत होत्या. त्यांनी श्वास अर्धा सोडला.

धुराचा पांढरा ढग उठला आणि जागेवरच थांबला, कारण वारा नव्हता. पाटी दिसेना. शेतावरची चाळीस माणसं धूर निवळायची वाट पाहत उभी राहिली. मग पलीकडून, पाटीजवळच्या खड्ड्यातून, फतेहसिंहच्या भावानं लाल कापड वर केलं आणि हलवलं.

इंदुबाईंनी विचारलं, लाल म्हणजे चांगलं की वाईट? नीरजनं सांगितलं तेव्हा त्या मटकन खाटेवर बसल्या. ठाकूरसाहेब स्वतः चालत आले, त्यांनी हात जोडले आणि सांगितलं की सुभेदारसाहेबांची जागा आता सुभेदारणीसाहेबांची. कलावतीबाईंनी हात जोडले, पण त्यांचं लक्ष नळीत डोकावण्याकडे होतं. पाच गोळ्यांनंतरही आतला गाळ ओला आणि मऊ होता. हे कसं होतं, आणि सहा झाल्या असत्या तर काय झालं असतं, याचा त्या विचार करत होत्या.

आनंदराव जवळ आले. बंदुकीच्या दस्त्यावरून त्यांनी हात फिरवला. कलावतीबाई या घरात सून म्हणून आल्याला तेहेतीस वर्षं झाली होती, आणि थोरल्या दिरांनी त्यांच्याकडे कधी काही मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आनंदराव मागायचे नाहीत, सांगायचे.

“कलावती,” ते म्हणाले, “एक गोळी मी मारून बघू का?”

कलावतीबाईंनी विचार केला. परवाना त्यांचा होता, त्यामुळे विचार करायला वेळ होता.

“बघू भावजी,” त्या म्हणाल्या. “आधी चकत्या कापायला शिका. मीही तिथूनच सुरुवात केली.”

त्यांनी चादरीचा तुकडा आणि कात्री पुढे केली. आनंदरावांनी इकडं तिकडं पाहिलं. इंदुबाई खाटेवर सरकून त्यांना जागा करून देत होत्या. ते बसले, चष्मा लावला, जीभ दातांत धरली आणि कापायला लागले. चौतीस वर्षं चाकांच्या सहवासात काढलेल्या माणसाची पहिली चकती चौकोनी आली. कलावतीबाईंनी ती उन्हात धरून नीट पाहिली आणि परत दिली.